काटा-सुरीची पाटीलकी

"मी जेवाले जाऊन राह्यलो का फाशी जाऊन राह्यलो?" उकंडरावांनी पटका पुन्हा सोडून बांधला.

धामणगावची पाटीलकी मोकळी झाली होती. दावेदार दोघंच: उकंडराव आणि त्यांचे चुलतभाऊ हिंमतराव. माणसं जोखायला जिल्ह्याच्या साहेबांनी आमराईत तंबू ठोकून एकेकाला जेवायला बोलावलं होतं. साहेब आपल्यातलेच, पण विलायतेत शिकलेले. जेवण टेबलावर, काटा-सुरीनं. काल हिंमतराव जेवून आले आणि मिशीला पीळ देत गावभर सांगत सुटले, "मांगू मांगू खाल्लं बे! साहेब नुसते पायतच राह्यले!"

अंबूबाई कालपासून नवऱ्याचा सराव घेत होती. काट्याऐवजी दाभण, सुरीऐवजी उलथनं, समोर भाकर.

"काटा डाव्या हातात धरा, मास्तर सांगत होते."

"डाव्या हातानं जेवू? लाज नाई वाटत तुले?"

"वाटते. पन पाटलीन व्हाची इच्छा बी हाय मले."

तंबूत बटाट्याचं कटलेट आलं. घास घेण्याआधी हात जोडायची सवय. म्हणून उकंडरावांनी काटा-सुरी बशीत शेजारीशेजारी नीट ठेवली आणि डोळे मिटले. त्या टेबलाची रीत अशी, की काटा-सुरी जोडून ठेवली म्हणजे जेवण झालं. हे मास्तरांनाच ठाऊक नव्हतं, ते सांगणार काय! डोळे उघडले तर बशी गायब.

काऊन उचलली? आपलं काय चुकलं? मग पुलाव आला. एक घास जेमतेम पोटात जातो तोच साहेबांनी पिकापाण्याचं विचारलं. थोरामोठ्यांशी बोलताना हातात सुरी बरी दिसत नाही, म्हणून उकंडरावांनी ती अदबीनं काट्यासकट बशीत ठेवली. पुलावही गेला.

"आणखी काही घेणार?" साहेबांनी विचारलं.

पहिल्या विचारण्याला हो म्हणायचं नसतं, एवढं काय कुणी शिकवावं लागतं? "नाई नाई, पोट भरलं," म्हणून उकंडराव पुढच्या आग्रहाची वाट पाहू लागले. साहेबांनी मान डोलावली आणि हात पुसले.

घरी येऊन ते मटकन खाली बसले. "गेली पाटीलकी. मानसासमोरची बशी उचलली, आता काय राह्यलं?"

"आधी जेवा."

मग तव्यावरची भाकर ताटात आणि ताटातली पोटात, ठेच्यासकट, पाची बोटांनी. तेवढ्यात साहेबांचा चपराशी तुळशीराम दारात उभा.

"गूळ वाटा, पाटील! साहेब म्हने, त्या हिंमतरावानं तंबू खाल्ला, तो गाव खाईन. ह्या मानसाले खायाची हावच नाई!"

उकंडरावांच्या दोन्ही गालांत भाकर होती; हसताही येईना. अंबूबाईनं पदर सावरल्यासारखं करत भाकरीची टोपली हळूच मागं सरकवली.

"काय सांगू, भाऊ," ती उसासा टाकून म्हणाली, "किती मागं लागते मी, पन जेवतच नाईत हो!"