ही ओळ काढू नका

रविवारी दुपारी चारला पाच कमी असताना प्रणीत वडिलांना घेऊन ऋचाच्या घरासमोर उतरला, आणि घराचं दार उघडलं नाही.

बोलावणं बरोबर चारचं होतं. ऋचाचे बाबा विद्याधर सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. उशिरा येणाऱ्या मुलाशी आपण लग्नाची बोलणी करणार नाही, हे त्यांनी आधीच कळवलं होतं. प्रणीतचे वडील रघुनंदन, ज्यांना घरात आणि चिकपेटेतल्या साड्यांच्या दुकानात सगळे अण्णा म्हणत, ते राहुकाळ पाळायचे; रोजच्या त्या अशुभ दीड तासात शुभकामाला हात लावायचे नाहीत. रविवारचा राहुकाळ साडेचारला लागतो. म्हणजे उंबरठा ओलांडून मागणी घालायला पस्तीस मिनिटं होती. चामराजपेटेहून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, बोम्मसंद्र्यापर्यंत, ऑटोनं दीड तास लागला होता, आणि अण्णा ज्या पद्धतीनं कमरेला हात लावून उभे होते, त्यावरून ते या जन्मी पुन्हा इकडे येतील असं वाटत नव्हतं.

"दार उघडत नाहीये!" आतून ऋचा ओरडली. "खिडकीशी या!"

खिडकीच्या गजांमागे तीन चेहरे होते. मधोमध विद्याधर, डावीकडे ऋचा, उजवीकडे हातात पोह्यांचा ट्रे घेतलेली ऋचाची आई, अलकाकाकू.

"नमस्कार," विद्याधर म्हणाले. "वेळेवर आलात. छान. एक टेक्निकल प्रॉब्लेम आहे."

दाराचं कुलूप विद्याधरांनी स्वतः बनवलं होतं. बोट लावलं की उघडायचं, बाहेरूनही आणि आतूनही. किल्ली ठेवलीच नव्हती. किल्ली हरवते, बोट हरवत नाही, असं ते लेआउटमधल्या प्रत्येक शेजाऱ्याला सांगत.

"बोट ओळखत नाही काय?" अण्णांनी विचारलं.

"ओळखतंय ना! पण म्हणतंय, या बोटाला परवानगी दोन हजार वीसपासून आहे. आणि आज दोन एप्रिल दोन हजार सहा आहे."

प्रणीतनं खांद्यावरची लॅपटॉपची बॅग हळूच पाठीमागे सरकवली.

प्रणीत नोकरीव्यतिरिक्त एक प्रोग्रॅम सांभाळायचा. नाव 'दिशा'. उपग्रहांचे सिग्नल ऐकायचे आणि आपण कुठे आहोत, किती वाजलेत, तारीख काय, हे कॉम्प्युटरला सांगायचं, एवढंच त्याचं काम. असा प्रोग्रॅम पडद्यामागे अखंड चालू असतो. तो आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही, पण बंद पडला की घरातली आई आजारी पडल्यासारखी सगळ्यांची धावपळ होते. जगभर लोक तो फुकट वापरत आणि फुकटच शिव्या देत. गेले चार महिने प्रणीत त्याचा जुना कोड नीटनेटका करत होता. म्हणजे चालू असलेली गोष्ट, ती चालूच राहील अशा आशेनं, पुन्हा लिहीत होता. आज सकाळी दहा वाजता त्यानं नवी आवृत्ती सोडली होती.

"गच्चीवर माझा अँटेना आहे," विद्याधर सांगत होते. "त्यातून 'दिशा' वेळ घेतं, आणि 'दिशा'वर अख्खं घर चालतं. सकाळी अपडेट आलं आणि घर एक हजार चोवीस आठवडे मागे गेलं. सॅटेलाइट आठवडे मोजतात, पण एक हजार तेवीसनंतर पुन्हा शून्य. स्कूटरच्या मीटरसारखं. जुन्या रिसीव्हरला कळत नाही की मीटर फिरून आलाय. म्हणून कोडमध्ये एक ओळ होती, एक हजार चोवीस मिळवणारी. ती कोणीतरी काढली."

"म्हणजे घराच्या मते मी आत्ता तिसरीत आहे," ऋचा प्रणीतकडे रोखून बघत म्हणाली. 'दिशा' कोण सांभाळतं, हे तिला माहीत होतं.

"मग घाई नको लग्नाची," प्रणीत हसायचा प्रयत्न करत म्हणाला.

"तुमच्या घरात दोन हजार सहा आहे, सरी, मान्य," अण्णांनी घड्याळ बघितलं. चार वाजून नऊ मिनिटं. "मग तिथं राहुकाळ किती वाजता?"

"पूर्ण आठवड्यांचा फरक आहे हो. वारही तोच, वेळही तीच."

"अय्यो," अण्णा म्हणाले.

विद्याधरांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "थांबा, नालायकाचं नाव काढलंय मी. हे बघा. 'कोणातरी महाभागानं घातलेला कचरा काढला.' लिहिणारा, बिसिबेळे बेचाळीस! भाताचं नाव लावतो, बघा तरी! हा माणूस मला एकदा भेटू दे."

"असेल कोणीतरी," प्रणीत क्षीण आवाजात म्हणाला. "कामाच्या गडबडीत..."

"बिसिबेळे?" अण्णांचा चेहरा उजळला. "ते आमच्या प्रणीतचंच नाव की हो! इंटरनेटात! जगभर वापरतात याचं काम. आम्हीच कशाला आपल्या तोंडानं सांगायचं, म्हणून गप्प होतो."

चार वाजून चौदा मिनिटं झाली होती. ऋचानं डोळे मिटून घेतले.

"आणि तो महाभाग," विद्याधर सावकाश म्हणाले, "मी."

"तुम्ही नव्हे," अलकाकाकू म्हणाल्या.

सगळे तिकडे वळले. अलकाकाकू एका संशोधन संस्थेतून निवृत्त झाल्या होत्या. पण त्यांच्या हातात ट्रे होता, त्यामुळे आतापर्यंत त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं.

"माझं नाव आहे त्या ओळीवर," विद्याधर म्हणाले.

"नाव तुमचं. ओळ माझी. तुम्ही नुसती पाठवलीत."

"पण काकू," प्रणीत गज धरून कळवळला, "ओळीच्या वर फक्त 'ही ओळ काढू नका' एवढंच आहे. का ते लिहिलंच नाहीये!"

"लिहिणार होते. कुकरची तिसरी शिट्टी झाली."

प्रणीतनं पायरीवरच लॅपटॉप उघडला. ओळ परत घातली आणि चार वाजून एकवीस मिनिटांनी दुरुस्ती सोडली. घरानं ती घेतली नाही. ज्या सर्व्हरवरून दुरुस्ती यायची, त्याचं ओळखपत्र यंदाचं होतं आणि घर होतं दोन हजार सहामध्ये. त्याच्या दृष्टीनं हा सर्व्हर भविष्यातून आलेला भामटा होता.

"बाहेरच्या जिन्यानं गच्चीवर जा," अलकाकाकू म्हणाल्या. "अँटेनाची वायर उपट. मग इथून तारीख हातानं घालता येईल."

प्रणीत धावला. पाण्याच्या टाकीला गुडघा आपटून घेतला, वायर उपटली आणि वरूनच ओरडला, "काढली!" चार सत्तावीस.

"घाला तारीख," अलकाकाकू म्हणाल्या.

"हातानं?" विद्याधर दुखावले. "सेकंदांचं काय? मिनिट पूर्ण होऊ दे, मग घालतो."

"स्वल्प लवकर करा हो!" अण्णा.

"लवकर नको. अचूक."

एक मिनिट पूर्ण झालं, पण त्यांचं बोट अर्धा सेकंद उशिरा पडलं. त्यांनी पुढचं मिनिट धरलं. त्यात त्यांना शिंक आली. तिसरं साधलं. दुरुस्ती उतरली, कुलूप खट्कन वाजलं आणि दार सताड उघडलं. चार वाजून एकतीस मिनिटं झाली होती.

अण्णा पायरीवर बसले.

"या ना आत!" विद्याधर म्हणाले. "दार उघडंय!"

"दार उघडंय. काळ उघडा नाही. आता सहानंतर."

"अहो, दीड तास?"

"तुम्ही सेकंद सोडला नाही, आम्ही राहुकाळ का सोडायचा?"

मग उंबरठ्यावरून पोहे बाहेर गेले. ऋचाही बाहेर येऊन बसली, आणि लॅपटॉप आत-बाहेर करू लागला. ओळ का आहे ते नीट लिहिल्याशिवाय प्रकरण मिटत नाही, असं अलकाकाकूंचं मत पडलं. प्रणीतनं बारा ओळी लिहिल्या. "निबंध नकोय." त्यानं दोन लिहिल्या. "कळत नाही." चौथ्या खेपेला, सहाला दहा कमी असताना, त्यानं निकरानं लिहिलं:

"ही ओळ काढू नका. जुन्या रिसीव्हरचे आठवडे शून्यावर येतात. काढलीत तर अलकाकाकूंच्या घराचं दार उघडत नाही."

अलकाकाकूंनी चष्मा लावून तीनदा वाचलं. मग त्यांनी एक शब्द खोडला, एक टाइप केला आणि लॅपटॉप उंबरठ्यापलीकडे सरकवला.

'अलकाकाकूंच्या' खोडून तिथे 'सासूबाईंच्या' केलं होतं.

"आणि माझं नाव?" विद्याधरांनी विचारलं.

"कुलपावर आहे ना," अलकाकाकू म्हणाल्या, आणि चहा टाकायला गेल्या.