शोभेचा मायाळू

इमारतीच्या पाण्याच्या टाकीमागे जी अरुंद पट्टी आहे तिथे काहीही उगवू शकत नाही, असं सोसायटीच्या कार्यकारिणीचं लेखी मत होतं. तरीही तिथे उगवलं. प्रकरणाची सुरुवातच अशी शिस्तभंगाने झाली.

लावणाऱ्या होत्या दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी. सगळे त्यांना बारमाही वहिनी म्हणत. झाडांमुळे की बोलण्यामुळे, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. एकदा लावायचं आणि वर्षानुवर्षं खुडायचं, दर हंगामाला बियाण्यामागे कोण धावणार, असा त्यांचा सरळ हिशेब. टाकीच्या पाइपवर मायाळूचा वेल चढला होता, कडेने पुदिना आणि गवती चहा, कुंपणावर गोकर्णाची निळी फुलं आणि कोपऱ्यात हादगा.

वहिनींचे सासरे, आप्पा, मोठ्या आजारातून उठले होते, पण अन्नावरची वासना गेली ती परतली नव्हती. मायाळूचं सूप तेवढं घशाखाली उतरायचं. वाटी रिकामी करून ते विचारायचे, "सूनबाई, अजून आहे का?" हे 'अजून' ऐकण्यासाठी वहिनी रोज टाकीमागे उकिडव्या बसायच्या.

मग तक्रार आली. कुणाची ते गुप्त होतं, म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. सचिव नियमावली घेऊन वाफ्यापाशी उभे राहिले.

"वहिनी, हे शोभेचं आहे की खायचं?"

"दोन्ही."

"दोन्ही चालत नाही. सामाईक जागेत फक्त शोभेची झाडं. खायचं लावलं की तो खाजगी लाभ झाला. उपटावं लागेल."

"अहो भाऊजी, फुलं सगळ्यांनी बघावीत, पानं आप्पांच्या पोटात जावीत. एकाच वेलाला दोन्ही येतं, त्याला मी काय करू?"

"वेलाने हे आधी ठरवायला हवं होतं," सचिव मनापासून खेदाने म्हणाले.

निर्णयासाठी उपसमिती नेमली गेली. त्यात सचिव, खजिनदार आणि घरच्यांवर अन्याय नको म्हणून वहिनींचा नवरा. निर्णय होईपर्यंत सदर वाफा हा पुरावा ठरला. त्याभोवती सुतळी बांधण्यात आली आणि वहिनींना, हितसंबंध गुंतलेले असल्यामुळे, एक पानही खुडायची मनाई झाली. त्यांनी पालकाचं सूप करून पाहिलं. आप्पांनी एका घोटात फसवणूक ओळखली आणि वाटी बाजूला सारली.

एखादी गोष्ट खाण्याजोगी आहे की नाही, हे खाल्ल्याशिवाय कळत नाही, यावर उपसमितीचं लगेच एकमत झालं. खजिनदारांनी मायाळूचं कच्चं पान चावलं आणि तोंड वाकडं केलं.

"बुळबुळीत आहे. शिजवल्याशिवाय अभिप्राय देणं घाईचं होईल."

शिजवायचं कुणी, तर वहिनींनी. त्यांच्याच गॅसवर, त्यांच्याच तेलात. चव मात्र त्यांनी घ्यायची नाही. उपसमिती टेबलाशी बसली. पहिला चमचा तोंडात गेला आणि आतल्या खोलीतून आवाज आला.

"सूनबाई, वास येतोय. माझं सूप झालं का?"

"आजोबा, सुनावणी चालू आहे," सचिव भुरका मारत म्हणाले.

पुराव्याचा अंशही गहाळ होऊ नये म्हणून खजिनदारांनी पातेलं पावाने पुसून घेतलं. वहिनींचा नवरा म्हणाला, "छान झालंय." एवढ्या वर्षांच्या संसारात या दोन शब्दांसाठी उपसमिती नेमावी लागेल, हे वहिनींना आधी कुणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात वेल पुन्हा फुटला. त्यावर सचिवांनी नोंदवलं की पुरावा पूर्ववत झाला आहे, सबब तपासणी झालीच नाही असं मानणं भाग आहे. फेरतपासणी झाली. वेल पुन्हा फुटला. हादग्याची फुलं तळून तपासली, पुदिना वाटून तपासला, गोकर्णाचं सरबत दोनदा तपासलं, कारण पहिल्या वेळी बर्फ नव्हता. तज्ज्ञ म्हणून खजिनदारांचे मेहुणे आले. साक्षीदार म्हणून बायकामुलं आली. वहिनींची समोरच्या दारातली मैत्रीणही ताट घेऊन आली.

"अगं, तूसुद्धा?" वहिनींनी विचारलं.

"मी तुझ्या बाजूनेच खातेय गं," ती म्हणाली आणि मीठ मागितलं.

शेवटी सर्वसाधारण सभा भरली. अहवालात 'खाण्याजोगं' आलं तर वाफा दुसऱ्या दिवशी उखडणार होता. वहिनी साडीचा पदर मुठीत धरून मागच्या रांगेत बसल्या. सचिवांनी घसा साफ केला. त्यांच्या जिभेवर गोकर्णाचा निळा रंग होता आणि दातात हिरवं काहीतरी अडकलं होतं.

"सखोल चौकशीअंती सदर वनस्पती खाण्याजोग्या आहेत असा कोणताही पुरावा शिल्लक राहिलेला नाही. त्या शोभेच्या आहेत."

झाडून सगळे हात वर गेले. वहिनींचाही गेला. त्यांचे डोळे भरून आले. जगात न्याय आहे म्हणायचा. त्या उठल्याच.

"मग आजच चार पानं खुडते हं, भाऊजी. आप्पांनी धड खाल्लेलं नाही कितीतरी दिवसांत."

सभा अवघडली. सचिव समजुतीच्या सुरात म्हणाले, "वहिनी, आत्ताच तर हात वर केलात. शोभेची पानं कुणी खातं का? आणि सामाईक शोभा तोडली तर दंड आहे."

"मग तुम्ही?"

"आम्ही दर रविवारी खात्री करून घेणार, की अजूनही ती खाण्याजोगी झालेली नाहीत ना. शिजवायचं काम तुमच्याचकडे राहील. त्याबद्दल आभाराचा ठरावही आहे."

आभाराचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला.

रविवारी वहिनींनी पातेलं टेबलावर आणलं. आतून आप्पांनी काही विचारलं नाही. त्यांनी आता विचारणं सोडलं होतं. वहिनी वाढायचा डाव हातात धरून तशाच उभ्या राहिल्या आणि टेबलाभोवतीच्या एकेका तोंडाकडे पाहत राहिल्या.

एवढ्या माणसांत 'एक वाटी आत न्या' असं म्हणणारं कुणीच नव्हतं का, असं तुम्ही विचाराल. होते ना. पण तोंडात घास असताना बोलू नये, हे आपल्या सगळ्यांनाच लहानपणापासून शिकवलेलं आहे.

तुम्ही काही म्हणत होतात का? सावकाश. आधी गिळून घ्या.