मल्लय्याकाकांचे ठणठणीत गुडघे

आमच्या गल्लीत सगळ्यात ठणठणीत गुडघे मल्लय्याकाकांचे, आणि सगळ्यात जास्त उपचारही त्यांच्याच गुडघ्यांवर होतात. रुईची पानं, एरंडाची पानं, गरम वाळूची पुरचुंडी, ज्वारीच्या पिठाचं पोटीस, सगळं या दोन गुडघ्यांनी भोगलंय. लुंगी वर खोचून काका वरच्या मजल्यावरून जिना उतरू लागले की मी आधी नाक दाबतो आणि मग दार उघडतो.

दुखतात ते राजम्माकाकूंचे, म्हणजे त्यांच्या बायकोचे गुडघे. पण काकांचा कायदाच तसा आहे. कोणतंही औषध आधी स्वतःला लावायचं, दोन-चार दिवस बघायचं आणि मग काकूंना.

"गुण आला का?" मी एकदा विचारलं.

"लई! अजिबात दुखत न्हाय बघा सर."

"अहो, तुमचे आधी तरी कुठे दुखत होते?"

"गुण कोन बघतंय? मी तरास बघतो की. भाजलं तर माजं भाजू दे."

आणि भाजलंच. ठेचलेला लसूण रात्रभर बांधून ठेवला, सकाळी हे टम्म फोड. आठवडाभर काका लंगडत होते. काकूंनी वरून तेलुगूत जी काही झाडली, त्यातला एकही शब्द मला कळला नाही, पण अर्थ नीट पोचला.

या सगळ्याचं मूळ गोळ्यांत आहे. काकूंनी इतकी वर्षं दुखण्याच्या गोळ्या खाल्ल्या की शेवटी मूत्रपिंडं कुरकुरायला लागली. डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या. "गोळी बंद, म्हंजे बाकी समदं चालू," असा काकांनी त्याचा अर्थ काढला.

काकांचा जन्म यंत्रमागावर गेला. एकट्यानं चार-चार माग सांभाळायचे, कुठे धागा तुटला की तिकडे धावायचं. बसणं त्यांना माहीतच नाही. माझ्याकडचा चहासुद्धा उभ्यानं पितात, त्यामुळे मलाही तो सुखानं पिता येत नाही. इकडे काकूंनी मांडीवर सूप घेऊन जन्मभर विड्या वळल्या. एकाला बसायला फुरसत नाही, दुसरीला उठायला. चाळीस वर्षांनी गुडघ्यांचा निकाल लागला तो असा.

आता काकूंना जिना उतरवत नाही. संध्याकाळी खाली कट्ट्यावर बायका जमतात. काकू वर खिडकीत बसून ऐकतात. खाली हशा पिकतो तेव्हा अर्धं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलेलंच नसतं, तरी त्या हसतात. काकांना तेच बघवत नाही. "तिला त्या कट्ट्यावर आनून बसवनार म्हंजे बसवनार," असं म्हणतात आणि नव्या पानाच्या शोधात सायकलवर टांग मारतात.

परवा म्हणाले, "अक्कलकोटाकडं एकजन दुखऱ्या गुडग्याला मधमाश्या चावायला लावतो. आदी मी जाऊन येतो."

माझं डोकंच फिरलं. आम्ही दोघा-तिघांनी काकूंना खुर्चीसकट खाली उतरवलं, रिक्षात घातलं आणि व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी गुडघे तपासले आणि सांगितलं, खुर्चीवर बसून एकेक पाय सरळ करायचा, दहा आकडे होईपर्यंत धरायचा, हळूच खाली. सकाळ-संध्याकाळ.

"आनि वरनं बांधायचं काय?" काका म्हणाले.

"काही नाही. तुम्ही समोर बसून यांच्याबरोबर करा. एकट्यानं केलं की माणूस सोडून देतो."

"बसून?" काकांचा चेहरा साफ पडला. त्यापेक्षा मधमाश्या बऱ्या, असं त्यांना वाटलं असणार.

नंतर एकदा संध्याकाळी मी सहज वर गेलो. दोन खुर्च्या समोरासमोर, दोन पाय हवेत. काका मागाच्या वेगानं तेलुगूत मोजत होते, "ओकटी-रेंडू-मूडू-नालुगू!" काकूंचा पाय नीट वर जाईस्तोवर यांचे दहा संपले होते.

"आदी तो माग बंद करा," काकू म्हणाल्या. "सावकाश मोजा."

मी विचारलं, "काकू, आराम आहे का?"

"दुखतंय की सर. जरा कमी हाय, पन दुखतंय." मग काकांकडे बघत म्हणाल्या, "लगीन झाल्यापास्नं हे माज्यासमोर असे कदी बसलेच न्हवते. ती पानं आनायलाबी पळतच असायचे. मला काय पानं पायजे हुती व्हय?"

काकांचा पाय हळूच खाली आला.

काका आता काहीतरी निमित्त काढून उठणार आणि सायकल गाठणार, असं मला वाटलं. त्यांनी दाराकडे पाहिलंही. पण ते उठले नाहीत. खुर्ची थोडी पुढे ओढली, पाय परत उचलला आणि पहिल्यापासून मोजायला लागले.

"ओकटी..." ते म्हणाले, आणि पुढचा आकडा यायला बराच वेळ लागला.