खाली दुकान न्हाई

आमच्या धरणाच्या ऑफिसात पहिल्यांदा येणारा माणूस हमखास दचकायचा. भांडाराच्या ओसरीत एक इसम पाय वर, डोकं गायब अशा अवस्थेत वाशाला टांगलेला, आणि शेजारी स्टुलावर चढलेले भिकूनाना कांबळे त्याच्या काखेत पावडर भरतायत! वर त्यालाच दम देतायत, "काखंत चिकाटलास तर बग, उभा फाडीन!"

तो इसम म्हणजे पाणबुड्याचा रबरी पोशाख. पाण्यातून आला की तो धुवायचा, सावलीत टांगायचा आणि शंखजिऱ्याची पूड लावून ठेवायचा, नाहीतर घडीला घडी चिकटून बसते. एवढं साधं काम. पण नाना ते असं करायचे की एकदा खात्याचा नवा शिपाई पाणी न पिताच भोरच्या वाटेला लागला होता.

ही सत्तर सालाच्या अलीकडची-पलीकडची गोष्ट. मी भोरजवळच्या त्या धरणावर भांडाराचा कारकून. नाना उत्रोलीहून सायकलवर यायचे. त्यांच्या ताब्यात पाणबुड्याचा सगळा सरंजाम होता: तांब्याचा टोप, शिशाचे बूट, हवेची लांबलचक नळी आणि दोघांनी फिरवायचा हातपंप. मृगाच्या आधी धरणाच्या तोंडाची लोखंडी जाळी खाली जाऊन तपासावी लागे. खाली जायचा शंकर भोई, आणि वरून त्याचा दोर धरायचे नाना.

पंपाचा चांगला चालता वायसर काढून नाना नवा घालताना दिसले की माझं डोकं फिरायचं. भांडाराचा हिशेब मला द्यावा लागे ना! एकदा मी चिडून म्हटलं, "अहो, काय झालंय या वायसरला?"

"कायबी न्हाई."

"मग?"

"भाऊसाहेब, वर फाटला तर भोरच्या बाजारात दुसरा मिळंल. खाली फाटला तर? खाली दुकान न्हाई."

बस्स. हे वाक्य म्हणजे नानांचा सकाळ-संध्याकाळचा जप. लग्नाला गेले तरी मांडवाचे दोर ओढून बघणार. लेकीकडे विंझरला निघाले की एस. टी.च्या चाकाला टाच मारून, वाल्वला थुंकी लावून बघणार. ड्रायव्हर एकदा वैतागला. "म्हातारबा, गाडी रस्त्यानं जाती, पाण्यातनं न्हाई!"

"व्हय, पर मदी रान हाय न्हवं? रानात तरी कुठं दुकान हाय?"

एका रविवारी मीच मूर्खासारखा त्यांना चहाला बोलावून बसलो. आमच्या स्टोव्हचा आवाज ऐकताच त्यांचे कान टवकारले. आधणाचं भांडं उतरवलं, पंप उपसला, वायसर तेलात भिजत घातला, सांध्यांना साबणाचा फेस फासून बुडबुडे बघत बसले. चहाची वेळ गेली, जेवणाची आली. शेवटी आमची ही म्हणाली, "नाना, स्टोव्ह बिघडला तर चूल आहे की घरात!"

"चूल हाय? मग बरं हाय," म्हणाले आणि उठून चूल तपासायला लागले. काय बोलणार कप्पाळ!

पण शंकर पाण्याखाली गेला की हे बडबडं यंत्र एकदम बंद पडायचं. नाना दोर बोटांत धरून बसत, आणि थोड्या थोड्या वेळाने एक झटका देत. म्हणजे, "बरं हाय का?" खालून शंकर एक झटका देई. म्हणजे, "बरं हाय." तो उलटा झटका येईपर्यंत नानांचा श्वास अडकलेला. आला की सुटून म्हणायचे, "गाढव हाय. जित्तं हाय."

शंकर तिशीचा गडी, पण नानांच्या तोंडून त्याने गाढव सोडून दुसरं नाव ऐकलं नव्हतं. हसून मला म्हणायचा, "नानांची माया दोरातनं येती, भाऊसाहेब. वर आलो की शिव्याच."

मग पुण्याहून एक तरुण साहेब बदलून आले आणि त्यांच्या मागोमाग नवा सेट आला. पाठीवर हवेची टाकी, तोंडात धरायचं रबर, पायात बदकासारखे पंजे. टोप नाही, नळी नाही, पंप नाही. नाना दोन दिवस त्या सेटभोवती नुसते फिरले. तिसऱ्या दिवशी प्रेमाने तेलाची बुधली घेऊन बसले आणि टाकीच्या तोंडाला तेल लावणार, तोच साहेब ओरडत धावले, "तेल नाही! नाना, तेल अजिबात नाही! दाबातल्या हवेला तेल लागलं तर आग लागेल!"

नाना बुधलीकडे बघत राहिले. जन्मभर ज्या तेलाने माणसं जगवली, त्याने आग लागते म्हणे! पण ऐकलं. तोंडातलं रबर गोड्या पाण्यात धुवायचं, सावलीत वाळवायचं, आतला पातळ पडदा उजेडात धरून भोक आहे का बघायचं, सगळं शिकले. त्या पडद्यालाही चोरून शंखजिरं लावू का, असं मला विचारून गेले. मी म्हटलं, "साहेब मला लावतील!"

पहिल्या बुडीला नानांनी हट्टाने शंकरच्या कमरेला दोर बांधला. शंकर वर आला तो रागावून. "नाना, दोर जाळीत गुतला. कापून आलो."

साहेब शांतपणे म्हणाले, "उद्यापासून दोर नको. मी स्वतः शंकरबरोबर उतरतो. आम्ही एकमेकांवर नजर ठेवू." साहेबांचं बरोबर होतं. नानांनाही ते कळत होतं, म्हणून तर त्यांनी कोणालाच शिवी दिली नाही. तेव्हा मात्र मी घाबरलो.

दुपारी नानांची भाकरी तशीच फडक्यात. मी शेजारी जाऊन बसलो.

"अहो नाना, खा की."

"भाऊसाहेब," ते म्हणाले, "बायकू जाऊन लई वरसं झाली. पोरगी तिच्या घरी. घरला गेलो की चार भिंती. हितं दोरावर म्या इचारतो, आन् कुनीतरी सांगतं. आता कुनाला इचारू?"

मी उगाच तांब्या पुढे केला.

दुसऱ्या दिवशी साहेब आणि शंकर उतरले. नानांनी दोघांचे पट्टे ओढून पाहिले, गाढव म्हणाले नाहीत. ते दोघं खाली गेल्यावर नानांनी पिशवीतून दोर काढला, टोकाला धोंडा बांधला आणि जाळीपासून लांब, भिंतीच्या कडेने पाण्यात सोडला.

"नाना, याला कोण बांधलंय?"

"धोंडा."

"मग काय उपयोग?"

"आसूं द्या."

त्यांनी एक झटका दिला. थांबले. पाण्यावर दूर बुडबुडे फुटत होते. पुन्हा एक झटका. मला ते बघवेना. मी तोंड फिरवून पलीकडचा डोंगर बघत राहिलो.

"भाऊसाहेब! तुमी वढला का?"

"मी? मी तर इथं उभा!"

नानांनी परत एक झटका दिला. आणि माझ्या डोळ्यांदेखत दोर खालून ओढला गेला. एकदा. स्पष्ट.

नाना दोर दोन्ही हातांत घट्ट धरून बसले.

दोघं वर आले तेव्हा साहेब शंकरवर वैतागले होते. "काम झाल्यावर सरळ वर यायचं सोडून तिकडे भिंतीकडे कशाला गेला होतास?"

शंकरने तोंडातलं रबर काढलं आणि नानांकडे बघत म्हणाला, "जरा दुकानात गेलतो, साहेब."

साहेबांना काहीच कळलं नाही. नाना आमच्याकडे पाठ करून दोर गुंडाळायला लागले. दोर गुंडाळून झाला तरी त्यांचे हात फिरतच होते.