कळमनुरीतला दीड हात समुद्र

कळमनुरीहून समुद्र किती लांब आहे हे मला नेमकं सांगता येणार नाही. पण थावरू कंपाउंडरच्या घरात तो दीड हात उंच होता आणि त्यात रोज सकाळी दुधाचं लॅक्टोमीटर बुडत असे.

दुधात किती पाणी घातलंय ते दाखवणारी ही काचेची नळी. कंपाउंडर ती काचेच्या टाकीतल्या खाऱ्या पाण्यात सोडायचे, डोळे बारीक करून आकडा वाचायचे आणि रिकाम्या घराला जाहीर करायचे, "पंचवीस! बराबर." आकडा वर गेला की पाणी जास्त खारं, खाली आला की गोडं. "चांगलं दूध तिसाला, चांगला समुद्र पंचवीसला," ते मला म्हणाले होते. "म्हंजी भाऊसाहेब, समुद्र म्हंजी आपल्या गवळ्याचं दूध."

थावरू राठोड गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. मी तहसीलमध्ये कारकून, म्हणून 'भाऊसाहेब'. आमची घरं भिंतीला भिंत लागून. त्यांची बायको तरुणपणीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. नव्वदीच्या दशकात ते कुणाच्या तरी इलाजासाठी सोबत म्हणून मुंबईला गेले आणि येताना मांडीवर पाण्याची पिशवी घेऊन आले. रेल्वेत आणि एसटीत त्यांनी ती पिशवी एकदाही खाली ठेवली नाही. आत दगडाला चिकटलेला लिंबाएवढा हिरवा गोळा होता, वळ्यावळ्यांचा. जिवंत पोवळं. तेव्हा असे तुकडे दुकानात मिळायचे. पुढे कायद्यानं बंदी आली, आणि ती यायलाच हवी होती.

दिसायला ते थेट मेंदूसारखं. आठवड्याभरात गावात झालं की कंपाउंडरनं स्वतःचा मेंदू काढून काचेत ठेवलाय.

मी पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा तासभर काहीच घडलं नाही. "हे करतं काय?" मी विचारलं.

"वाढतं."

"कधी?"

"काहून घाई करून राहिले? दमानं."

हे 'दमानं' त्यांच्या तोंडी कायम. अडलेल्या म्हशीलाही तेच, डॉक्टरसाहेबांनाही तेच. त्यांचा भाऊ तांड्यावरून आला की कपाळावर हात मारायचा. "दादा, यापेक्षा वगार पाळली असती तर तीन वर्षांत दूध दिलं असतं." कंपाउंडर शांतपणे म्हणायचे, "हे बी देतं ना. वर्साला ज्वारीच्या दाण्याएवढं." आणि खरोखर काचेवर बाहेरून त्यांनी बारीक रेघा मारल्या होत्या. दोन रेघांमध्ये एक दाणा मावायचा.

एक गृहस्थ तर पोवळं मागायलाच आले. मुलीच्या पत्रिकेत मंगळ होता, अंगठीत बसवायचं होतं. कंपाउंडर म्हणाले, "हे अंगठीतलं न्हाई, हे जितं हाय. मंगळाला म्हणावं, दुसरं घर बघ."

पोवळ्याला हाड धरायला चुना लागतो. कंपाउंडर चाँदभाई पानवाल्याकडून कळीचा चुना आणायचे, तो पाण्यात कालवून खाली बसू द्यायचे आणि वरची निवळी सलाइनच्या जुन्या नळीतून थेंब थेंब टाकीत सोडायचे. चाँदभाई विचारायचा, "कंपाउंडरसाब, तुम्हारा समिंदर तंबाकू भी खाता क्या?" पण चुना मात्र तो वेगळ्या डबीत, सगळ्यात पांढरा बघून ठेवायचा.

उन्हाळ्यात टाकीवर पंखा चालायचा. कंपाउंडर शेजारी घामाघूम बसायचे, पुठ्ठ्यानं स्वतःला वारा घालत. पंख्यानं पाणी गार राहतं, पण रोज घागरभर उडूनही जातं. मीठ तेवढंच मागे उरतं, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. तेही नळाचं चालायचं नाही, बोअरचं तर नाहीच. वारंगा फाट्यावर ट्रकच्या बॅटऱ्या भरणारा एक जण होता, त्याच्याकडून ते बॅटरीचं शुद्ध पाणी कॅननं आणायचे.

आणि भारनियमन! वीज गेली की पंप बंद, पाणी थांबतं, पोवळं घुसमटतं. मग कंपाउंडर प्लास्टिकचा मग घेऊन बसायचे. पाणी उचलायचं, वरून सोडायचं. भेटायला येणाऱ्याच्या हातातही आधी मग द्यायचे आणि मगच 'काय काम काढलं' म्हणायचे. म्हशीच्या औषधाला आलेले लोक शंभर-दोनशे मग ओतून, बाह्या भिजवून परत जायचे. मी आठवड्यातून एकदा जायचो, तेही वीज आहे हे बघून.

दुपार कलली की कधीकधी त्या वळ्या फुगून वर यायच्या आणि कडेनं केसासारखे बारीक हात बाहेर काढायच्या. कंपाउंडर झिंग्याच्या सुकटीचा कण चिमट्यानं समोर धरायचे. ते हात कण ओढून घ्यायचे, इतक्या सावकाश की बघताना माझा चहा निवायचा. "जेवलं," कंपाउंडर हळूच म्हणायचे. तसा आवाज मी त्यांच्या तोंडून दुसऱ्या कशासाठीही ऐकला नाही.

दहा वर्षांत लिंबाचं मोसंबं झालं.

आता जे सांगायचं म्हणून बसलो ते सांगतो. मे महिना होता. पुतणीच्या लग्नासाठी कंपाउंडरना आठ दिवस तांड्यावर जावं लागलं. टाकी माझ्यावर सोपवली. कागदावर लिहून दिलं: 'रेघेपर्यंत भर घालणे. फक्त कॅनचे पाणी.' 'फक्त'च्या खाली दोन रेघा.

मी हौसेनं पंखा मोठा केला. पाणी दुप्पट उडालं आणि चार दिवसांत कॅन संपला. वारंगा फाट्याला जाऊन यायचं म्हणजे भर उन्हात एसटी. मला कंटाळा आला. खरं कारण तेवढंच. पण मनाची समजूत घालायला दुसरं कारण हाताशी होतं. आमच्या घरी प्यायचं पाणी तांब्याच्या हंड्यात भरून ठेवतात. बायको हंडा चिंचेनं घासून लखलखीत करायची. त्याहून शुद्ध पाणी जगात असतं हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. बॅटरीच्या पाण्याचं काय घेऊन बसलात! चार दिवस मी त्या हंड्यातलं पाणी समुद्रात ओतलं, आणि वर असंही वाटलं की आपण त्याला चांगलंचुंगलं पाजतोय.

तांबं पोवळ्याला विष असतं, हे मला पुढे कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की वळ्या फुगेनात. मग हिरवा रंग उडाला. मग कडेचं मांस लोंबू लागलं आणि खालचं पांढरं हाड दिसलं.

कंपाउंडर परत आले. हातात लग्नाचे लाडू होते. टाकीसमोर बसले आणि लाडूंची पिशवी मांडीवरच राहिली.

"भाऊसाहेब, पानी कॅनचंच ना?"

"हो," मी म्हणालो. "कॅनचंच."

"व्हय," ते म्हणाले. पुन्हा विचारलं नाही.

गावात बोललं गेलं की कंपाउंडरनं चुना जास्त पाजला आणि पोवळं स्वतःच मारलं. लोक हसले. चाँदभाई मात्र हसला नाही. त्याला वाटलं, आपल्याच चुन्यात खोट होती, आणि त्यानं ती वेगळी डबी ठेवणं बंद केलं. मी त्याच्याकडून रोज पान घ्यायचो आणि काही बोलायचो नाही. आज कंपाउंडरही नाहीत, चाँदभाईही नाही. गावात ती चुन्याची गोष्ट अजून सांगतात. ती खोटी आहे. चुना चोख होता, माप बरोबर होतं.

मी भरपाई केली ती अशी की रोज जायला लागलो. कंपाउंडर म्हणाले होते, "बघू. एखाद्या बारी आतून जीव धरतं." वीज गेली की मी हजर. मगानं पाणी उचलायचं, वरून सोडायचं. त्यात गप्पा व्हायच्या, भांडणंही व्हायची. वर्षभरात त्या पांढऱ्या हाडावर गुलाबी ठिपके आले. मी हरखलो. "कंपाउंडर, रंग धरला बघा!" ते म्हणाले, "व्हय की. दमानं." पुढे ते सगळंच गुलाबी झालं. अशी सहा वर्षं गेली. मी निवृत्त झालो, तेही झाले.

एका दुपारी वीज नव्हती. माझं मनगट दुखत होतं. त्यांनी माझ्या हातातला मग काढून घेतला आणि म्हणाले, "लई तकलीफ घेता तुमी यासाठी." ते मला सोसलं नाही.

"कंपाउंडर, ते पाणी कॅनचं नव्हतं. आमच्या तांब्याच्या हंड्यातलं होतं. मी खोटं बोललो."

ते मग भरत राहिले. "ठावं हाय."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. वहिनीच म्हणल्या, तुमच्या समुद्राला आमच्या हंड्याचं पानी पाजलंय, आता बघा कसा तजेला येतो ते."

"मग मला बोलला का नाहीत? शिव्या तरी घालायच्या होत्या."

"शिव्या देऊन काय? ते तर मेलंच व्हतं."

"मेलं होतं? मग हा रंग?"

"शेवाळ हाय ते. कोऱ्या दगडावर बी येतं."

मी टाकीकडे बघितलं. सहा वर्षं मी एका दगडाला पाणी घालत होतो. मला एकदम रागच आला. "मग मला कशाला बसवून ठेवलंत रोज? मनगट मोडेस्तोवर?"

कंपाउंडरनी मग खाली ठेवला. गळ्यातल्या पंच्यानं काचेवरचे शिंतोडे पुसले, नव्हते तिथलेही पुसले.

"ते जितं व्हतं तवा तुमी हप्त्यातून एकडाव यायचे, भाऊसाहेब," ते म्हणाले. "मेल्यावर रोज यायला लागले."