नववा नियम

साहेबांनी सख्ख्या नातीला नापास केलं, तेही सही-शिक्क्यानिशी!

हे साहेब म्हणजे मुलांच्या बुद्धीच्या चाचण्या घेणाऱ्या कार्यालयातले सगळ्यांत जुने तपासनीस. चाचण्या कशा घ्याव्यात याची नियमावली तीस वर्षांपूर्वी त्यांनीच लिहिलेली. पाठीमागे सगळे त्यांना 'मोजपट्टी' म्हणत. नव्या संचालकबाईंनी नियमावली बदलायला काढली आणि साहेबांचं डोकं फिरलं. 'दर दहा वर्षांनी चाचणी नव्या मुलांवर तपासून घ्यावी' म्हणे! "मुलं काय दर दहा वर्षांनी नवीन डोकं घेऊन जन्मतात?" म्हणत त्यांनी चाळीस पानी हरकत ठोकली. काम अडलं.

जुनी चाचणी ठणठणीत आहे हे दाखवायला त्यांनी ती घरीच सहा वर्षांच्या नातीला दिली. पहिल्या चित्रात टेलिफोन होता, वायर नसलेला.

"यात काय राहिलंय?"

"काहीच नाही."

"नीट बघ गं."

"बघितलं. फोनच आहे. जरा जाडा आहे, एवढंच."

साहेबांनी फुली मारली. पुढे शाईची दौत होती, टाक नसलेली. "हे कसलं औषध?" नातीने विचारलं. आणखी एक फुली. मग तीस वर्षांच्या सवयीने त्यांनी निकालपत्र भरलं, सही केली, शिक्का मारला आणि सकाळी ऑफिसच्या टपालात टाकलं. ते थेट नातीच्या शाळेत पोचलं.

तिसऱ्या दिवशी शाळेचं पत्र आलं. मुलीची निरीक्षणशक्ती कमी आहे, तिला पहिलीत न घेता एक वर्ष मागे ठेवू.

"बाबा, तुम्ही?" सूनबाईंनी सोबतचं निकालपत्र त्यांच्यापुढे धरलं.

"चाचणी म्हणजे..." साहेब सुरू झाले, तेवढ्यात नात म्हणाली, "म्हणजे माझ्या मैत्रिणी पुढे जाणार आणि मी एकटीच मागे?"

चहा तसाच टाकून साहेबांनी ऑफिस गाठलं.

"बाई, तो निकाल रद्द करा!"

"कसा करणार? सही झालेला निकाल मागे घेता येत नाही. नियम चौथा, तुमचाच."

"अहो, पण चाचणीच जुनी झालीय! फोनला आता वायर असते का?"

"नवी नियमावली हेच तर म्हणते. पण तिच्यावर तुमची हरकत आहे ना."

साहेबांनी उभ्या उभ्या हरकत मागे घेतल्याचं लिहून खाली सही केली. बाईंनी तो कागद कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि मग जुनी नियमावली उघडून पुढे सरकवली. "आता नववा नियम वाचा."

'तपासनिसाने नात्यातल्या मुलाची चाचणी घेऊ नये. घेतल्यास निकाल आपोआप रद्द.'

"हे कोणी लिहिलं?"

"तुम्हीच. चांगला नियम आहे, नव्या पुस्तकातही तसाच ठेवलाय. शाळेला आत्ताच फोन करते."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"आधी सांगितलं असतं, तर सही केली असतीत?"

खरं तर चिडायला हवं होतं. पण साहेबांना इतकं हलकं वाटलं, की ते खुर्चीत बसून हसतच सुटले.

संध्याकाळी नातीने त्यांचं चित्र काढून समोर धरलं. "सांगा, यात काय राहिलंय?"

साहेबांनी निरखून पाहिलं. डोळे, कान, मिशा, सगळं जागेवर होतं. "काहीच नाही."

"चष्मा!" नात ओरडली. "नापास! एक वर्ष मागे!"

साहेबांनी नाकावरचा चष्मा चाचपला आणि घसा खाकरला. "तपासनीस नात्यातली आहे. निकाल रद्द."