एका मामाचे तीन संशयित

रकाना १. संशयितांची संख्या: तीन.

इथवर फुआतिनोनं अगदी झोकात लिहिलं. सोमवारची सकाळ होती, समोआची राजधानी आपिया इथल्या सरकारी इमारतीच्या चौथ्या मजल्यावरचा पंखा चक्क चालू होता, आणि तिनं स्वतः रचून कक्षाच्या संगणक-यंत्रात घातलेल्या नियमानं पहिल्याच चाचणीत तीन माणसं पकडली होती. नियम साधा होता. नावं वेगळी, पण जन्मतारीख एक आणि फोन एक, तर समजायचं की पाणी मुरतंय. सरकारी योजनांमधली फसवणूक हुडकणाऱ्या कक्षात ती सहा महिन्यांच्या बोलीवर लागली होती. शुक्रवारी सहा महिने भरत होते. तिचा पहिला अहवालही शुक्रवारीच मंत्र्यांकडे जायचा होता, आणि त्यात ज्यांची नावं जातील त्यांच्या दारात सोमवारी पोलीस उभे राहणार होते.

रकाना २. संशयितांची नावं: तौसेगा फालानिको (म्हातारपणाची पेन्शन). लेमालू फालानिको (बोटीचा फुकट पास). पौगा फालानिको (कोकोची रोपं).

रकाना ३. छायाचित्रं:

इथं तिचा हात थांबला. तिन्ही फोटोंतून एकच माणूस तिच्याकडे रोखून बघत होता. तोच रुंद जबडा, कानाखालचा तोच चामखीळ. तिच्या आईचा सख्खा थोरला भाऊ.

आता कुणी म्हणेल, भाचीला मामाची नावं ठाऊक नव्हती? होती की. वाइतोआच्या घराण्यानं त्याला मताई केलं, म्हणजे घराण्याचा प्रमुख म्हणून उपाधी दिली, तेव्हा तो तौसेगा झाला. आजीच्या माहेरानं केलं तेव्हा लेमालू झाला आणि बायकोच्या गावानं केलं तेव्हा पौगा. तिन्ही समारंभांत फुआतिनो पदर खोचल्यासारखी राबली होती. पण मामाला नावानं कोण हाक मारतं? तो मामाच. आणि नियम रचताना तिनं उघडलं होतं परदेशातून आलेलं जाड पुस्तक. त्यातली माणसं एकदा नाव घेतात आणि मरेपर्यंत तेच वापरतात.

रकाना ४. (कोरा.)

"साहेब, चूक झालीय," ती पेनितितोसमोर उभी राहून म्हणाली. "हे तिघं एकच आहेत. माझे मामा."

पेनितितो कक्षाचा प्रमुख. परदेशातून दोन पदव्या आणल्या होत्या त्यानं. घराण्यानं मात्र त्याला अजून एकही उपाधी दिली नव्हती. दोनदा पाळी आली आणि दोनदा ती धाकट्या चुलतभावांकडे गेली.

"मामा आहेत म्हणून चूक वाटतेय तुला."

"तसं नाही हो. पेन्शन एकच, पास एकच, रोपं एकदाच. प्रत्येक गोष्ट ज्या गावात मिळाली त्या गावच्या नावानं घेतली, एवढंच. दुसऱ्यांदा काही घेतलेलं नाही."

"ते तू ठरवायचं नाही. नात्यातलं प्रकरण दुसऱ्याकडे सोपवायचं असतं."

"सोपवा ना. पण लेउआतीचेही ते चुलतमामा लागतात, आणि सोलोमोनाच्या बायकोचे धर्मपिता."

कक्षात माणसं चार. मामा ज्याचा कुणीच लागत नव्हता असा एकटा पेनितितो उरला.

"मग चौकशी मी करतो," तो म्हणाला. "तू फक्त लिहून घे. तिघांना तीन पत्रं धाड. प्रत्येकानं जातीनं हजर राहायचं."

"साहेब, तिघं..."

"तीन पत्रं!"

रकाना ५. जबाब, पहिला. बुधवार, सकाळी नऊ.

मामा आला. कमरेला कडक इस्त्रीचा लुंगीवजा लावालावा, खांद्यावर काथ्याची चवरी. घराण्याच्या वतीनं भाषण करणारा वक्ता ही चवरी बाळगतो. त्यानं खोलीतल्या सगळ्या खुर्च्या एकवार पाहून घेतल्या आणि भिंतीला पाठ टेकून जमिनीवर मांडी घातली. मताई खाली बसलेला असताना त्याच्या डोक्यावर खुर्ची टाकून बसेल असा माणूस समोआत अजून जन्मायचाय. पेनितितो मुकाट्यानं खाली उतरला. पँट घट्ट होती, मांडी काही केल्या जमेना.

"नाव?"

"पत्रावर आहे. तौसेगा."

"लेमालू आणि पौगा कोण?"

"त्यांना वेगळी पत्रं गेलीत ना? येतील ते. दुसऱ्याच्या पत्राला मी का उत्तर देऊ?"

"काका, ते दोघं तुम्हीच आहात!"

"मग तीन पत्रं कशाला पाठवलीस, बाळा? एकात भागलं असतं."

फुआतिनोनं मान खाली घालून शब्दन् शब्द लिहून घेतला.

"असं करू," पेनितितो गोड आवाजात म्हणाला, "कुठलंही एक नाव ठेवा, बाकीची दोन सोडून द्या. इथं सही करा. विषय संपला."

"नाव काय टोपी आहे, खुंटीला लटकवून यायला?" मामा म्हणाला. "ते माझं नाहीच. घराण्याचं आहे. मी नुसता वाहतोय. तुला कुणी दिलं नाही म्हणून तुला वाटतं ते सोडता येतं."

पेनितितोचे कान लाल झाले. त्यानं हजेरीची वही पुढे सरकवली. मामानं तौसेगा म्हणून अंगठा उठवला आणि पेनितितोनं शेजारी 'प्रत्यक्ष पाहिले' असं लिहून सही ठोकली.

जबाब, दुसरा. सकाळी अकरा.

मधल्या वेळात मामा खाली बसथांब्यावर शहाळं पिऊन आला होता. पुन्हा तीच भिंत, तीच मांडी. फक्त चवरी या वेळी त्यानं बाजूला जमिनीवर ठेवली.

"नाव?"

मामा खिडकीबाहेर बघत राहिला.

"काका, तुम्हालाच विचारतोय."

मामाची पापणीसुद्धा हलली नाही. फुआतिनो पुढे वाकली.

"साहेब, लेमालू ही फार मोठी उपाधी आहे. त्यांच्याशी असं थेट बोलत नाहीत. मधे वक्ता लागतो."

"कुठंय त्यांचा वक्ता?"

"तौसेगा. सकाळी येऊन गेले ते."

मामानं सावकाश चवरी उचलून खांद्यावर टाकली आणि घसा खाकरला. "बोला. लेमालूंना काय विचारायचंय?"

"विचारा त्यांना... ते म्हणजे तुम्हीच ना?"

मामा डावीकडे वळला. आधी पर्वतांना वंदन झालं, मग पूर्वजांना, मग मंत्र्यांना, मग ज्या पंख्याखाली आज ही भेट घडत होती त्या पंख्याला. मग पुढच्या चार वाक्यांत त्यानं प्रश्न फार अदबीनं रिकाम्या जागेपुढे मांडला. चवरी खाली ठेवली. उजवीकडे सरकून त्या रिकाम्या जागेत बसला. विचार केला. परत पहिल्या जागी आला, चवरी उचलली.

"लेमालू म्हणतात, प्रश्न उद्धट आहे. दुसरा विचारा."

हे दीड तास चाललं. लेउआती पोट धरून जिन्यात पळाला. पेनितितोच्या दोन्ही पायांना मुंग्या आल्या. शेवटी तोच कळवळून म्हणाला, "अंगठा लावा, काका. नुसता अंगठा लावा."

जबाब, तिसरा. दुपारी तीन.

(पौगांना कुणी काहीही विचारलं नाही. अंगठा. सही.)

रकाना ६. यंत्राचा निष्कर्ष.

अंगठे वहीत होते. यंत्रात चढली होती ती फक्त प्रमुखाची सही. तीन इसम, तिघंही प्रत्यक्ष पाहिलेले, तिघंही सत्तरीपुढचे, तिघंही जिवंत! यंत्राची खात्रीच पटली. इतकंच नव्हे, लेमालू आणि पौगा या दोन वृद्धांना सरकारनं इतकी वर्षं पेन्शनपासून वंचित ठेवल्याचं त्याच्या ध्यानात आलं. गुरुवारी दुपारपर्यंत त्यानं दोन नवी पेन्शन कार्डं, दोन जादा बोटीचे पास आणि रोपांच्या दोन गाड्या मंजूर करून टाकल्या.

फसवणूक शोधणाऱ्या कक्षाला अखेर एक खरीखुरी फसवणूक सापडली होती. ती त्यानंच केली होती.

"काढ ती दोन माणसं!" पेनितितो तिच्या टेबलाशी येऊन दबक्या आवाजात ओरडला.

"यंत्रातून माणूस काढायचं एकच कारण आहे, साहेब. मृत्यू."

"मग मार दोघांना."

"मी नाही मारणार."

"फुआतिनो, उद्या तुझे सहा महिने भरतायत."

"मीही दिवस मोजतेय. पण जिवंत माणसाला मेला म्हणून लिहायचं, तेही या कक्षात बसून? इतके दिवस आपण असलेच लोक पकडतोय ना? मी बटण दाबणार नाही. तुम्ही दाबा आणि खाली नाव तुमचं घाला."

"तुझी नोकरी माझ्या एका ओळीवर आहे."

"लिहा मग ती ओळ. मीही माझी लिहिते."

पेनितितोनं तिची खुर्ची बाजूला ढकलली आणि उभ्याउभ्याच दोनदा बटण दाबलं.

रकाना ७. मृत्यूची नोंद झाल्यास:

...यंत्र तीन ठिकाणी आपोआप कळवतं. पेन्शनवाल्यांना, टपालाला आणि रेडिओला. हे पेनितितोला ठाऊक होतं. फक्त त्या क्षणी ते त्याच्या ध्यानात नव्हतं.

शुक्रवारी सकाळी सात वाजता, हवामान आणि प्रार्थनागीत यांच्या मधल्या निधनवार्तांत, सगळ्या बेटानं ऐकलं की लेमालू फालानिको आणि पौगा फालानिको यांचं एकाच दिवशी निधन झालंय. चौकशीसाठी पत्ता: सरकारी इमारत, चौथा मजला.

दहा वाजता पहिली बस लागली. बारीक विणीच्या चटया आल्या, टिनच्या मासळीची खोकी आली, खारवलेल्या मांसाची पिंपं आली, भाजलेली दोन आणि ओरडणारं एक अशी डुकरं आली. लिफ्टमध्ये पिंपं मावेनात म्हणून माणसं जिन्यानं निघाली, आणि चर्चचा पुरा गायकवृंद मजल्यामजल्यावर थांबून गात वर चढला. जिथून मृत्यू कळवला ते दुःखाचं घर. आणि दुःखाच्या घरानं आलेल्याला रिकाम्या पोटी परत पाठवायचं नसतं.

"यांना जेवायला घालावं लागेल, साहेब," फुआतिनो म्हणाली.

"कुणी?"

"ज्यानं बटण दाबलं त्यानं."

दुसऱ्या बसनं मामा आला. काळा लावालावा, हातात रुमाल. "रेडिओवर ऐकलं," तो पेनितितोला म्हणाला, "आणि तसाच निघालो. दोघंही फार जवळचे होते. कुठं ठेवलंयत त्यांना?"

पेनितितोनं फुआतिनोचा दंड धरून तिला कपाटामागे ओढलं. "बाहेर जा आणि सांग, यंत्र बिघडलं. एवढंच म्हण. तुझी कायमची नेमणूक आत्ता लिहून देतो."

फुआतिनो बाहेर गेली. टेबलं भिंतीला लागली होती, सगळा मजला चटयांनी भरला होता, आणि दीडशे माणसं तिच्याकडे बघत होती. ती खाली बसली.

"यंत्र बिघडलेलं नाही. नियम मी रचला, तो चुकला. ती चूक माझी. ती मी सोमवारीच सांगितली, आणि ऐकून घेतली गेली नाही. मेला असं लिहिणारा हात माझा नाही, या कक्षाचा आहे. मामा एक आहेत, नावं तीन आहेत आणि चोरी एकही नाही. अहवालात मी हेच लिहिणार."

"गेली तुझी नोकरी!" कपाटामागून आवाज आला.

"जाऊ दे!" ती वळूनही न बघता म्हणाली.

मग लेमालू घराण्यातली सगळ्यात थोरली बाई, नव्वदीची सालोटे आजी, गुडघ्यांवर हात टेकून पुढे सरकली.

"म्हणजे सरकारी कागदाप्रमाणे लेमालू गेला. नाव मोकळं झालं. फालानिको, तुझं काय म्हणणं?"

"मी सरकारी कागदाचा कायम मान राखत आलोय," मामा गंभीरपणे म्हणाला. "मेलो म्हणतात, तर मेलो."

"मग नाव कुणाला द्यायचं ते ठरवायला हवं. घराणं जमलंय, चटया आहेत, डुकरं आहेत. पुन्हा बसचं भाडं कोण भरणार?"

पौगाच्या गावानं आपलं नाव मामाकडेच राहील असं जागच्या जागी जाहीर केलं. रेडिओवर त्या गावाचा कधीच विश्वास नव्हता. लेमालूवाल्यांनी मात्र कोंडाळं केलं. तासभर कुजबुज झाली, दोन रुसवे झाले, एक निघून गेलेला परत आणला गेला. मग कावाचं, म्हणजे मुळांच्या पेयाचं, भांडं आलं; नवी उपाधी ज्याची, पहिली वाटी त्याची. पहिल्या वाटीसाठी पुकारा झाला, आणि वाटी घेऊन येणारा माणूस मामाला ओलांडून, सालोटे आजीला ओलांडून, थेट फुआतिनोपुढे येऊन थांबला.

"मला?" ती म्हणाली. "माझी तर नोकरीपण गेलीय."

"पी गं पोरी," मामा म्हणाला. "सगळ्यांचे पाय अवघडलेत."

ती प्यायली.

रकाना ८. निष्कर्ष: संशयित शून्य. फसवणूक एक, या कक्षानं केलेली. नियम रद्द करावा, आणि जिवंत माणसाला मेला लिहिण्यापूर्वी त्याला विचारावं.

दुपारी तीनला तिनं अहवाल मांडीवर घेऊन पुरा केला आणि खाली आपलं नवं नाव लिहिलं. पेनितितो साडेअकरापासून ताटं वाढत होता. इतक्या मताईंच्या मेळाव्यात उपाधी नसलेल्या पुरुषाला दुसरं काम नसतं. हातातली मासळीची परात घेऊन तो बसलेल्या माणसांसमोरून कमरेत वाकून, पुटपुटत माफी मागत, तिच्यापर्यंत आला. तिनं परात उतरवून घेतली आणि त्याच्या हातात दोन कागद दिले. एक अहवाल, दुसरी तिची कायमची नेमणूक.

त्यानं कागद पाहिले. चटईवरची दीडशे माणसं पाहिली. सालोटे आजी दात नसलेल्या तोंडानं मासळी चघळत त्याच्याकडेच बघत होती.

"फुआ..." तो अडखळला. मग नजर खाली घालून म्हणाला, "लेमालू, सही कुठं करू?"

"खाली," ती म्हणाली. "माझ्या नावाच्या खाली."